मिरजेहून पाल्प्याला: तरुण संघाच्या नेपाळ सेवायात्रेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मिरजेच्या ख्रिस्ती मंडळीतली मुलंमुली आतापर्यंत तीनदा नेपाळला जाऊन आली. तिन्ही खेपांना मी सोबत होतो, म्हणून प्रश्न माझ्याकडेच येतात. रविवारी उपासना सुटली की चपला शोधता शोधता कुणीतरी हाताला धरतं, "जरा थांबा, एक विचारायचं होतं." आया वेगळं विचारतात, बाप वेगळं, आणि जाणारी पोरं फक्त एवढंच की तिथं रेंज येते का. सगळ्यांना एकदाच उत्तर मिळावं म्हणून हे लिहून ठेवतोय.

नेमकं जायचं कुठं?

पाल्पा जिल्ह्यात. सोनौलीची सीमा ओलांडली की भैरहवा, पुढे बुटवल, तिथून घाट चढला की तानसेन. तानसेन हे जिल्ह्याचं गाव, साधारण महाबळेश्वराएवढ्या उंचीवर. आम्ही राहतो ते खेडं तिथून जीपनं अडीच तास आणि पुढे पाऊण तास पायी. वस्ती मुख्यतः मगर नावाच्या जमातीच्या लोकांची. खेड्याचं नाव इथं देत नाही. का, ते कायद्याच्या प्रश्नात कळेल.

तिथं जाऊन करायचं काय? शाळा बांधायची का?

नाही. दगडी भिंत कशी रचायची हे तिथल्या गवंड्याला आपल्यापेक्षा शंभरपट चांगलं कळतं आणि त्याला त्या कामाची मजुरीही मिळते. ती मजुरी आपण फुकट राबून बुडवायची, याला सेवा म्हणता येत नाही.

सकाळी ज्या घरी उतरलो त्या घरचं काम: पाणी भरणं, म्हशीला वैरण घालणं, मका सोलणं. दुपारी शाळा सुटल्यावर मुलांचे खेळ आणि गणिताची उजळणी, तीही शिक्षकांनी बोलावलं तर. संध्याकाळी मंडळीच्या घरांत प्रार्थना आणि गाणी. शनिवारी उपासना. ऐकायला किरकोळ वाटतं. पहिल्या वर्षी आमच्यातल्या दोघांना तसंच वाटलं होतं. "एवढ्या लांब म्हशीचं शेण काढायला आलो का?" असा सूर होता. त्यातला एक आता दर वर्षी सगळ्यात आधी नाव देतो.

म्हणजे धर्मांतराचं काम आहे का? कायद्यात सापडणार नाही ना?

हा प्रश्न दबक्या आवाजात येतो. उत्तर मात्र मोठ्यानं देतो, कारण यात गुळमुळीत बोललं की पोरं गोत्यात येतात.

नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेतल्या २६ व्या कलमानं प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य दिलंय. त्याच कलमानं दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मात्र बंदी आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या १५८ व्या कलमानुसार कुणाचं धर्मांतर केलं किंवा त्यासाठी फूस लावली तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांच्या आत देशाबाहेर काढतात. आपल्याला व्हिसा लागत नसला तरी तिथं आपण परदेशीच.

त्यामुळे नियम साधे आहेत. पत्रकं वाटायची नाहीत. चौकात, बसमध्ये, शाळेत प्रचार करायचा नाही. "प्रार्थना केली तर बरं वाटेल, मग आमच्यात या" असली देवघेव तर मुळीच नाही. आपण जातो ते तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांचे पाहुणे म्हणून, त्यांच्या उपासनेत त्यांच्या शेजारी बसायला. कुणी आपणहून काही विचारलं तर तिथल्या पाळकांकडे बोट दाखवायचं. दुसऱ्या वर्षी चहाच्या टपरीवर एक मुलगा माझ्याकडे नवा करार मागत होता. माझ्या पिशवीत होता. दिला नाही. संध्याकाळी पाळकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं केलंत. तुम्ही शुक्रवारी जाल, त्याला इथंच राहायचंय."

कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. तुमच्या येण्याजाण्यानं त्या चार घरांची गावातली पत खाली येता कामा नये. म्हणूनच खेड्याचं नाव नाही आणि फोटोंचे नियमही कडक आहेत.

नेपाळ कशाला? जतला, आटपाडीला गरिबी नाही का?

आहे. प्रश्न रास्त आहे. विचारणारा बहुतेक वेळा वर्गणी देणारा असतो, म्हणजे त्याचा हक्कही आहे.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही एक अट घातली: नेपाळला यायचं असेल तर त्याआधी जत तालुक्यातल्या एका वस्तीवर चार शनिवार-रविवार जाऊन यायचं. तिथली रात्रशाळा आमच्या मंडळीतलीच माणसं चालवतात. ज्याला जतची एसटी लांब वाटते, त्याला पाल्प्याची जीप झेपत नाही हा अनुभव आहे. गेल्या खेपेला एकवीस जणांनी नावं दिली होती, जतनंतर अकरा उरले.

मग तरीही नेपाळ का? इथं आपण कुठंही गेलो तरी कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाचा असतो. आडनाव सांगितलं की समोरचा आपल्याला कुठंतरी बसवतो. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. भाषा अर्धीच येते, चुलीवरचं काम येत नाही, चढ चढताना सत्तर वर्षांची आजी आपल्याला मागं टाकते. विसाव्या वर्षी एकदा तरी असं बिनकामाचं होऊन बघावं, असं मला वाटतं. हे माझं मत आहे, मंडळीचा ठराव नाही.

बारा दिवसांत असा काय फरक पडणार?

गावाला? काहीच नाही. मिरजेच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि ते इथून परत गेले ते १९२८ मध्ये. चाळीस वर्षांच्या आसपास. त्यांच्या नावाची वाडी सांगली-मिरज रस्त्यावर आजही आहे, रिक्षावाला "वानलेसवाडी, वानलेसवाडी" म्हणून ओरडतो, तेव्हा तो कुणा माणसाचं नाव घेतोय हे त्याच्याही लक्षात नसतं. माझ्या पणजोबांचं पोटाचं ऑपरेशन त्या हॉस्पिटलात झालं, आणि आमच्या घरात आजही त्याला मिशन हॉस्पिटलच म्हणतात.

आता गंमत बघा. तानसेनलाही एक मोठं हॉस्पिटल आहे आणि तिथले लोकही त्याला "मिसन अस्पताल" म्हणतात. त्याची गोष्ट पक्ष्यांपासून सुरू होते. मसुरीच्या एका शाळेतले शिक्षक रॉबर्ट फ्लेमिंग १९४९ मध्ये पक्ष्यांचे नमुने गोळा करायला परवानगी काढून नेपाळात गेले, तानसेनपर्यंत पोहोचले. दवाखान्याची गरज किती आहे हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. पुढे १९५४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या मिशन संस्थांनी एकत्र येऊन युनायटेड मिशन टू नेपाल ही संस्था काढली, तानसेनचं हॉस्पिटल तिचंच. सरकारनं परवानगी देताना धर्मप्रचार करायचा नाही अशी अट घातली, ती मान्य करून लोक आले आणि वर्षानुवर्षं राहिले.

पहिल्या खेपेला जीपची वाट बघत आम्ही त्या हॉस्पिटलच्या दाराशी उभे होतो. बाहेर नातेवाइकांची गर्दी, कोपऱ्यात स्टोव्हवर भात शिजतोय, एक म्हातारा चादर पांघरून बाकावर झोपलेला. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "अगदी मिरजेसारखा वास येतोय." फिनेल आणि भाताचा वास. असं काही उभं करायला चाळीस वर्षं लागतात. बारा दिवसांत फक्त नीट पाहुणं होता येतं, आणि तेही सगळ्यांना जमत नाही.

जुने कपडे, वह्या, खेळणी गोळा करून देऊ का? घरात भरपूर पडलंय.

नको.

२०१९ चा महापूर आठवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. माझ्या मावशीचं घर सांगलीत गावभागात, पहिला मजला पाण्यात. पाणी उतरल्यावर मदतीचे ट्रक आले आणि खरोखर मदत झाली, ती विसरता येणार नाही. पण त्याबरोबर कपड्यांचे ढीगही आले. मावशीच्या वाट्याला आलेल्या बोचक्यात एक चेन तुटलेली पँट, दोन फाटकी परकरं आणि कुणाच्या तरी लग्नातला चमकीचा घागरा होता. मावशी तो घागरा हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसली, मग तिला हसू फुटलं. तो घागरा तिनं ठेवून दिलाय अजून.

एवढं बघूनही पहिल्या वर्षी आम्ही दोन पोती स्वेटर पाठीवर वाहून नेले! गावात पोहोचलो तर स्वागताला आलेल्या पोराच्या अंगावरचं जॅकेट माझ्यापेक्षा भारी. मोठ्या भावानं मलेशियाहून पाठवलेलं. आपल्या मनातलं नेपाळचं खेडं आणि खरं खेडं यांत एवढं अंतर. गावातले बहुतेक तरुण कतार, मलेशिया, सौदीला. मागे म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतली मुलं. हे चित्र आपल्या खानापूर-आटपाडीच्या माणसाला नवं नाही, तिथंही घरटी एक माणूस गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात असतो आणि घर पैशाची आणि फोनची वाट बघतं. ते स्वेटर शेवटी शेळ्यांच्या गोठ्यात अंथरले गेले. शेळ्यांना उपयोग झाला.

मग भेट म्हणून काहीच न्यायचं नाही?

बेदाणे न्या. तासगावचे, पाव-पाव किलोची पाकिटं करून. हळद नेऊ नका, त्यांच्या परसात उगवते. साताऱ्याचे कंदी पेढे एकदा नेले होते, पण गोरखपूरपर्यंत आपल्याच लोकांनी संपवले.

मी नर्सिंग करतेय. तपासणी शिबिर घेऊ या का?

नाही, आणि यात तडजोड नाही. तिथं रुग्ण तपासायला, औषध द्यायला तिथल्या वैद्यकीय किंवा नर्सिंग परिषदेची नोंदणी लागते. आपल्या पिशवीतली क्रोसिनसुद्धा गावातल्या कुणाला द्यायची नाही. तुमचं शिक्षण वाया जात नाही: आपल्या गटातल्या कुणाला जुलाब झाले तर सलाईन लावायचं की मीठ-साखरेच्या पाण्यावर भागेल, हे तुम्हीच सांगणार. आणि गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांबरोबर बसा. त्या डोंगर चढून घरोघरी जातात. ऐकण्यासारखं पुष्कळ असतं त्यांच्याकडे.

खर्च किती येतो? पैसे कुठून येतात?

गेल्या खेपेला माणशी १४ हजारांच्या आत बसवलं, रेल्वेच्या स्लीपरनं जाऊन. निम्मे ज्याचे त्यानं भरायचे. हे निम्मे आईबापांकडून एकदम मागून आणायचे नाहीत, शक्य तेवढे कमवायचे. कुणी भडंगाची पाकिटं विकली, कुणी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, एकानं सुट्टीत मार्केट यार्डात हमालांच्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या.

उरलेले निम्मे हंगामी सणाच्या, म्हणजे मंडळीच्या सुगीच्या सणाच्या, लिलावातून. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: उपासनेनंतर आवारात मांडव, लोकांनी आणलेले भोपळे, केळीचे घड, गूळ, अंडी, कोंबड्या, केक टेबलावर. मंडळीतले एक वडीलधारे बोली पुकारतात. गेल्या वर्षी एका गावरान कोंबड्यासाठी दोन भावांत चढाओढ लागली, जिंकणाऱ्यानं घेतला आणि लगेच परत लिलावाला दिला. तो कोंबडा तीनदा विकला गेला. शेवटी कुणाच्या घरी गेला ते कळलं, पण ते इथं लिहायचं नाही असं बजावलंय.

हिशेब परतल्यावर पंधरा दिवसांत सूचनाफलकावर लागतो, चहाच्या बिलांसकट. तिथल्या मंडळीला आपण देणगी देतो ती तिथल्या वडीलधाऱ्यांच्या समितीला, सगळ्यांसमोर आणि पावती घेऊन. एकट्यादुकट्याच्या हातात गुपचूप नोटा ठेवायच्या नाहीत, कितीही गहिवरून आलं तरी.

कागदपत्रं कोणती? पासपोर्ट नाही माझ्याकडे.

भारतीय नागरिकाला नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, दोन्हीपैकी एक मूळ प्रत हवी. आधारवर विसंबू नका. अठरा पूर्ण नसलेल्यांना आम्ही नेत नाही.

पैशाचं: भारतीय १०० रुपयांना १६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. शंभरच्या आणि त्याहून लहान नोटा घ्या. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्यायचं. यूपीआय शहरातल्या काही दुकानांत चालतं, खेड्यात नाही.

प्रवास कसा?

मिरजेहून पुणे, पुण्याहून गोरखपूर, तिथून बसनं सोनौली, चालत सीमा पार, पुढे बस आणि जीप. तिसऱ्या दिवशी रात्री पोहोचतो.

पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गेलो. छठपूजेला घरी निघालेलं अर्धं पूर्वांचल त्याच गाडीत होतं हे मिरजेच्या माणसाला कुठून माहीत असणार? राखीव बर्थवर आधीच पाच माणसं, संडासात सामान, आमची एक मुलगी चोवीस तास वरच्या बर्थवरून खाली उतरू शकली नाही. तेव्हापासून छठ उरकली की नोव्हेंबरच्या शेवटी निघतो. हवाही तेव्हाच चांगली: पाऊस संपलेला, डोंगर धुतलेले. पावसाळ्यात मात्र जायचं नावच काढू नका. बुटवलच्या वर सिद्धबाबाचा टप्पा लागतो, तिथं दरडी कोसळतात. पसरणी घाट चढताना ज्यांना मळमळतं त्यांनी खिडकीची जागा आधीच सांगून ठेवा.

भाषेचं काय करायचं?

लिपी देवनागरीच. सीमा ओलांडल्याबरोबर सगळ्या पाट्या वाचता येतात आणि माणूस उगाच शेफारतो. पाणी, भात, दूध, हात, नाक, कान, मामा, काका, सगळं जवळपास तेच. मग फसगत सुरू होते.

पहिल्या रात्री घरच्या आमांनी, म्हणजे आईंनी, ताटात डाळभात वाढला आणि समोर बसून विचारलं, "मिठो छ?" मला वाटलं मीठ विचारतायत. डाळ जरा अळणी होती, म्हणून बोटांनी खूण करून म्हटलं, "थोडं कमी." आमांचा चेहरा उतरला. मिठो म्हणजे चविष्ट. मिठाला तिथं नुन म्हणतात. "स्वयंपाक आवडला का?" या प्रश्नाला मी "बेताचाच" असं उत्तर दिलं होतं. सकाळी पाळकांनी उलगडा केल्यावर आमा इतक्या हसल्या की हातातली कासंडी खाली ठेवावी लागली. पुढचे अकरा दिवस प्रत्येक घासाला "मिठो छ, मिठो छ" म्हणत होतो.

दाइ म्हणजे थोरला भाऊ, तेव्हा पुरुषाला दाइ म्हणताना हसू नका. थोरल्या बहिणीला दिदी, धाकटीला बहिनी. ख्रिस्ती माणसं भेटल्यावर हात जोडून "जय मसीह" म्हणतात, आपला सलाम तिथं चालत नाही. आणि रस्त्यात कुणीही "खाना खानुभयो?" विचारलं तर ते जेवायला बोलावत नसतात. आपण "जेवला का?" म्हणतो तसंच आहे ते.

जेवायला काय मिळतं?

डाळभात. सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला. दुपारी मका नाहीतर चिया, म्हणजे चहा. आंबवून वाळवलेल्या पाल्याचं गुन्द्रुक लागतं आंबूस, दोन दिवसांनी आवडायला लागतं. कोदोच्या पिठाचा ढिंडो म्हणजे आपल्या नाचणीच्या उकडीचा सख्खा भाऊ. कधी कोंबडी कापली तर समजायचं की घरानं आपल्यासाठी मोठा खर्च केला. गोमांसाचा विषयसुद्धा काढायचा नाही. गाय तिथला राष्ट्रीय प्राणी आहे आणि गोहत्या गुन्हा आहे.

कांदा-लसूण मसाल्याची पुडी घेतली तर चालेल, पण ताटावर बसून भुरभुरायची नाही. आमांना लागतं ते.

उपासना शनिवारी का? ते कुठल्या वेगळ्या पंथाचे आहेत का?

नाही. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून मंडळ्या शनिवारी जमतात. आम्ही गेलो तेव्हा रविवारी शाळा, कचेऱ्या सुरू असायच्या.

२५ एप्रिल २०१५ चा मोठा भूकंप शनिवारीच झाला, दुपारी बाराच्या थोडं आधी. शाळा बंद होत्या म्हणून कितीतरी मुलं वाचली. आणि त्याच वेळी ठिकठिकाणी ख्रिस्ती लोक उपासनेत बसलेले होते, त्यांच्यावर छपरं कोसळली. पाल्प्याला तेवढी झळ बसली नाही, पण आमच्या गावातल्या पाळकांचे एक नातेवाईक तसे गेले. ते हे फार कमी बोलतात. शनिवारी प्रार्थनेआधी ते एकदा वर आढ्याकडे बघतात, हे मला तिसऱ्या वर्षी लक्षात आलं.

उपासना जमिनीवर बसून होते, चपला बाहेर, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. दोन-अडीच तास चालते. २०२१ च्या जनगणनेत नेपाळात ख्रिस्ती लोक १.७६ टक्के, म्हणजे पाच लाखांवर. १९५१ च्या आधी देशात ख्रिस्ती म्हणून उघड राहताही येत नव्हतं. तरी नेपाळी बायबल १९१४ मध्येच छापून झालं होतं, दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधानांच्या खटपटीनं. देशाची दारं बंद आणि पुस्तक तयार! ही मंडळी आपली वाट बघत थांबलेली नव्हती, हे तिथं बसल्यावर आपोआप कळतं.

गाणी कुठली बसवायची?

मराठीच. पहिल्या वर्षी पोरांनी गिटारवर इंग्रजी कोरस बसवले होते. लोकांनी सभ्यपणे ऐकून घेतले. दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एकानं आजोबांकडून शिकलेलं भजन टाळांवर धरलं. नारायण वामन टिळकांच्या वळणाचं, चाल अभंगाची. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला येऊन देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. ख्रिस्ताचं गाणं आपल्या मातीतल्या चालीत म्हणायचं, हा त्यांचा हट्ट. शब्द कुणालाही कळले नाहीत. पण दुसऱ्या कडव्याला कोपऱ्यातल्या एका आजींनी मादल, म्हणजे तिथला ढोलकीसारखा ढोल, पुढ्यात ओढला आणि ठेका धरला. आमचा टाळ तिथं चुकला, त्यांचा मादल चुकला नाही.

उपासनेनंतर त्याच आजींनी फोन काढला. मुलगा दोह्याला, त्याला सुट्टी मिळाली की फोन लागतो. चित्र अडकत अडकत दिसत होतं, मागं लोखंडी पलंगांची रांग. आजींनी फोन आमच्यासमोर धरला आणि हातानं खूण केली: म्हणा. अख्खं भजन पुन्हा म्हटलं, त्या तळहाताएवढ्या पडद्यासमोर. मुलगा काही बोलला नाही, टोपी काढून बसला होता. यात्रेतून नेमकं काय साधलं असं जेव्हा वर्गणीदार विचारतात तेव्हा मला हे आठवतं, आणि अहवालात ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळत नाही.

कुणी टीका, म्हणजे कपाळाला टिळा, लावला, प्रसाद दिला तर?

आपल्याकडे गणपतीत जे करता तेच. प्रत्येकाच्या घरची रीत वेगळी असते, त्यावर मी फतवा काढणार नाही. फक्त तिथं एक गोष्ट ध्यानात ठेवा: दसैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, थोरल्यांच्या हातून टीका घ्यायचा की नाही यावरून तिथल्या ख्रिस्ती घरांत आणि भावकीत खूप ताण असतो. आपण पाहुण्यांनी त्यात मत द्यायचं नाही. नको असेल तर हात जोडून, हसून, मान लववून नाही म्हणता येतं. नाक मुरडून नाही.

मुलीला पाठवावं का?

गेल्या खेपेला अकरातल्या सहा मुली होत्या. सोबत मंडळीतल्या दोन थोरल्या बायका कायम असतात. मुली दोघी-दोघी करून राहतात, बाईमाणूस असलेल्या घरातच. अंधार पडल्यावर कुणीही, मुलगेसुद्धा, एकट्यानं बाहेर पडत नाही. संडास घरापासून जरा लांब असतो, तेव्हा टॉर्च हवीच. सॅनिटरी पॅड इथून न्या आणि वापरलेली कागदात बांधून तानसेनपर्यंत परत आणा, खेड्यात कचऱ्याची सोय नसते.

आयांना एवढं सांगतो: मुली जास्त पटकन रुळतात. रडतात ते मुलगे, तिसऱ्या दिवशी, पोट बिघडल्यावर.

पोट बिघडलं, ताप आला तर?

पाणी उकळून किंवा गोळी टाकूनच प्यायचं. टायफॉइड आणि धनुर्वाताची लस महिनाभर आधी घ्या, आपल्या डॉक्टरांना विचारून. प्रवासाचा विमा सगळ्यांचा काढतो. जास्तच झालं तर तानसेनचं हॉस्पिटल आहे. गेल्या खेपेला एकाचा पाय मुरगळला, त्याला डोक्याला पट्टा लावून डोको नावाच्या टोपलीत बसवून खाली आणलं. आणणारा माणूस वजनानं त्याच्या निम्मा होता.

रेंज येते का?

डोंगराच्या एका कडेला. तिथं संध्याकाळी अर्धं गाव उभं असतं. तिथलं सिम तानसेनला मिळतं, ओळखपत्राची प्रत आणि फोटो लागतो. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं विसरू नका.

फोटो टाकता येतील का?

डोंगरांचे, म्हशींचे, स्वतःचे खुशाल टाका. मुलांचे आणि उपासनेचे नाही. कारण वर सांगितलंय. शेंबड्या पोराला मांडीवर घेऊन काढलेला फोटो तर कधीच नाही. तुमच्या भाचीचा असा फोटो एखाद्या अनोळखी माणसानं टाकला तर चालेल का, ते बघा.

माझा मित्र ख्रिस्ती नाही, येऊ शकतो का?

येऊ शकतो, दोघे येऊन गेलेत. जतची अट त्यालाही आहे.

मला मोठ्यानं प्रार्थना करता येत नाही. साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायला, उभं केलं तर?

"मला येत नाही" म्हणा, बसा. तिथल्या लोकांना शांत माणसं चालतात. मलाच पहिल्या वर्षी उभं केलं होतं. मी अर्धा मिनिट मराठीत काहीतरी बोललो, दुभाष्यानं पाच मिनिटं नेपाळी केली. तो काय बोलला ते अजून कळलेलं नाही, पण लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

नाव कुठं द्यायचं?

रविवारी उपासनेनंतर मागच्या बाकावर निळी वही असते. नाव, वय, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहा. पेन घरून आणा, मागचे तीन गेलेत.